तुम्ही नापसंत केलेली घरं

प्रिय मनोहर,

लग्नानंतर तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. 'अहो'वरच सव्वीस वर्षं निघाली. आज नावानं लिहिते आहे, कारण आज भांडायचं आहे, आणि 'अहो' म्हटलं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. रविवारी उपासना झाली की कबरीवर येते, फुलं ठेवते, परत फिरते. तिथं आजूबाजूला माणसं असतात, मनासारखं बोलता येत नाही. आणि गेल्या शनिवारपासून जे बोलायचं साठलं आहे ते पुढच्या रविवारपर्यंत थांबणार नाही. शनिवारी मी आणि रूथ पाण्याच्या टाकीमागच्या कॉलनीत घर बघायला गेलो होतो. हो, तीच कॉलनी. तिथलं घर तुम्ही सगळ्यांत शेवटी नापसंत केलं होतं.

तुम्हाला आठवतं का, घर शोधायला लागलो तेव्हा मी तुमची किती फुशारकी मारायची? हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर्सना सांगायची. लोक घर बघायला जातात आणि फरशी बघतात, आमचे मास्तर आधी शेजार बघतात. एका जागेला तुम्ही तीनदा जायचात. सकाळी सातला, नळाला किती जोर आहे आणि किती जण मोटर लावून ओढतात ते बघायला. दुपारी दोनला, सामसूम असताना, कुत्री किती आणि रिकामी टोळकी कुठं बसतात ते बघायला. आणि संध्याकाळी, बायका ओट्यावर येतात तेव्हा. घंटागाडी कुठल्या वळणापर्यंत येते, पावसाचं पाणी भिंतीवर कुठवर चढल्याच्या खुणा आहेत, खांबावरचे दिवे खरंच लागतात का! इस्त्रीवाल्याशी गप्पा मारायचात, कारण कुठल्या घरात शांतता आहे आणि कुठल्या घरात नुसतीच दारं बंद आहेत हे त्याला माहीत असतं. बोअरचं पाणी बाटलीत भरून आणायचात, साबणाचा चुरा टाकून हलवायचात. फेस आला तर पाणी चांगलं, नाही आला तर जड. विज्ञानाचे सर शोभत होतात.

मला घराची घाई होती. तुम्हाला का नव्हती, हे मला कधी कळलं नाही. मिशनच्या कंपाऊंडमधल्या आपल्या दोन खोल्यांना पावसाळ्यात ओल यायची ती होळीपर्यंत सुकायची नाही. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ओढून झोपायचो आपण. तुमची छाती आधीच नाजूक. रूथ लहान होती तेव्हा एकदा म्हणाली होती, पप्पा झोपेत शिट्टी वाजवतात.

पहिलं घर केडगावला. भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी. तुम्ही नको म्हणालात, मलाही पटलं. दुसऱ्याच्या मागून नाला जात होता. तेही पटलं. तिसऱ्या घराचं पाणी जड आहे म्हणालात. चौथ्या घराच्या गल्लीत कुत्री फार. पाचवं हे टाकीमागचं. ते मी स्वतः बघितलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, बाहेर कडुनिंब, हॉस्पिटल स्कूटीवर सात मिनिटं. कुठल्या कोपऱ्यात कुठलं कपाट, ते मी मनात लावूनही झालं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सेक्रेटरींना भेटून आलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, "तिथं संध्याकाळी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, मार्था. नको."

एवढंच. माणसं बोलत नाहीत म्हणून घर नको!

मग मीही बोलणं बंद केलं. अठरा दिवस. बायको न बोलणारी असली म्हणजे कसं वाटतं ते बघा म्हटलं. सकाळी तुमचा डबा भरून टेबलावर आपटायची. तुम्ही रोज दारातून "येतो, मार्था" म्हणायचात आणि मी भांड्यांचा आवाज करायची.

माझ्या बहिणीच्या, लिडियाच्या, नव्या घराची प्रार्थना त्याच महिन्यात होती. तिच्या नवऱ्यानं वडिलांच्या प्लॉटवर बांधलेलं घर. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, पंगत बसली, आणि कुणीतरी सहज विचारलं की मास्तर, तुमच्या घराचं जेवण कधी? तुम्ही काही बोलायच्या आत मी बोलले. हातात भाताची थाळी होती माझ्या. म्हटलं, "यांना घर नकोच आहे. यांना खोट काढायला जागा हवी. उद्या देवानं स्वर्गात खोली दाखवली तरी हे आधी पाण्यात साबण घालून हलवतील."

सगळी पंगत हसली. रूथसुद्धा. लिडियाच्या नवऱ्यानं तिथंच तुम्हाला 'नापसंत मास्तर' नाव ठेवलं आणि ते कंपाऊंडभर झालं. तुम्हीही हसलात आणि माझ्याकडे भात मागितलात. मी वाढला. तेव्हा तुमच्या तोंडाकडे मी बघितलं होतं का? नाही बघितलं. खूप आठवून पाहिलं, आठवत नाही.

त्यानंतरची तीन वर्षं मी सोडलं नाही. ओल दिसली की बोलायची. खोकला आला की बोलायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं की जागा बदला, ही ओल यांना सोसणार नाही, तेव्हा तुम्ही समोर बसलेले असताना मी म्हटलं, "यांनाच सांगा साहेब. सगळ्या नगरात यांच्या लायकीचं एक घर नाही." तुम्ही म्हणालात, "खरं आहे तिचं."

शेवटी माझ्याच वॉर्डात होतात. नाकाला नळी लावलेली. बोलायला दम लागत होता, तरी मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात की पुढं रूथ घर बघेल तेव्हा तिला एकटीला जाऊ देऊ नकोस, आधी एजंटाला बोलू दे. मला इतका राग आला! मरतानासुद्धा घर? मी उशी सरळ केली आणि म्हटलं, "पुरे आता ते घर." संध्याकाळी तुम्ही गेलात. तुम्ही जागे असताना मी बोललेलं शेवटचं वाक्य तेच.

आता शनिवारचं सांगते.

रूथ पुण्याहून आली होती. ती नोकरीला लागल्यापासून एकच धोशा, आई, तू त्या ओलीतून बाहेर पड. तिलाच कुठूनतरी कळलं की टाकीमागच्या कॉलनीत एक रो-हाऊस विकायचं आहे. आपण बघितलेलं नव्हे, त्याच ओळीतलं टोकाचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटल्याशिवाय तिथं पुढं काही होत नाही, म्हणून त्यांच्याकडे गेलो. दार उघडलं आणि मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला. मागच्या वर्षी त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तीन आठवडे माझ्याच वॉर्डात होत्या. मी त्यांचे केस धुतले होते. वेणी घालून दिली होती.

त्यांनी आम्हाला बसवलं. पंखा लावला. चहा आला. त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा कपबशीत, आमचा कागदी कपात. माझ्या ते लक्षातही आलं नाही. रूथच्या आलं.

मी पाण्याचं विचारलं, घंटागाडीचं विचारलं. तुमचेच प्रश्न तुमच्याच क्रमानं विचारत होते. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, "सिस्टर, तुमच्याबद्दल प्रश्नच नाही. आई अजून तुमचं नाव काढते. पण इथले लोक जुन्या वळणाचे आहेत. खाण्यापिण्याचं असतं, सणवार असतात. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. मास्तरांनाही तेव्हा मी हेच सांगितलं होतं. तुम्हाला बोलले नाहीत का?"

मी म्हटलं, नाही.

"समजूतदार माणूस," ते म्हणाले. "जाताना हात जोडून म्हणाले, माझ्या बायकोला हे कळू देऊ नका. ती हॉस्पिटलात तुमच्याच सगळ्यांची सेवा करते. तिचं मन उडेल. आम्ही शब्द पाळला बघा, सिस्टर. कुणी कुठं बोललं नाही."

अभिमानानं सांगत होते, मनोहर. शब्द पाळल्याचा अभिमान!

मग त्यांच्या बायकोला राहवलं नाही. फार चांगले होते हो मास्तर, म्हणाली. कॉलनीतल्या पोरांना फुकट शिकवीन म्हणत होते. घरात मटण-मच्छी शिजवणार नाही, तसं लिहून देतो म्हणाले. नाताळचा तारासुद्धा बाहेर लावणार नाही म्हणाले. पण यांचा तरी काय इलाज, सगळ्यांचं बघावं लागतं.

तुम्ही तारा लावणार नाही म्हणालात? दर डिसेंबरला स्टुलावर चढून वायर ओढणारे तुम्ही? रूथला खाली स्टूल धरायला लावून, अजून जरा डावीकडे, अजून जरा, असं अर्धा तास करणारे तुम्ही? त्या माणसासमोर त्या सोफ्यावर बसून तुम्ही तारा देऊन टाकलात, आणि तरी त्यांनी नाही म्हटलं?

रूथ उठली. तिनं कप तसाच ठेवला. मी मात्र चहा संपवला. का संपवला, माहीत नाही. ड्यूटीवर कुणी दिलेला चहा संपवायची सवय आहे, तशी.

सोमवारी मी एजंटाच्या टपरीवजा ऑफिसात गेले. तोच आपला जुना, पान खाणारा. मला बघून खुर्ची पुसायला लागला. मी सरळ विचारलं की पाचही घरांचं खरं काय ते सांगा. त्यानं पानाला चुना लावला. मग म्हणाला, "वहिनी, पहिली दोन मास्तरांनी सोडली. पुढच्या तीन ठिकाणी लोकांनी मास्तरांना सोडलं. मला शपथ घातली हुती त्यांनी, तुमाला सांगायचं न्हाई म्हणून. एका ठिकानी तर खुर्चीबी दिली न्हाई त्यास्नी. उभ्यानंच बोलले."

रूथला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तिसऱ्या घराच्या पाण्याला फेस आला होता. मीच बाटली हलवली होती. पप्पांना दाखवली, तर त्यांनी ती मोरीत ओतली आणि म्हणाले, आईला सांगू नको, जड आहे पाणी." दहावीत होती ती. तिला वाटलं होतं, पप्पांना घर घ्यायचंच नाही, म्हणून खोटं बोलतात. म्हणून तर त्या दिवशी पंगतीत ती हसली होती.

आता मला सांगा, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

तुम्ही पाथर्डीकडच्या खेड्यातले. दारातून परत पाठवणं म्हणजे काय ते तुम्हाला पोरवयात कळलं होतं. मी कंपाऊंडमध्ये जन्मले, कंपाऊंडच्या शाळेत शिकले, तिथंच नर्स झाले. माझ्या अंगावर पांढरे कपडे असतात तेव्हा लोक मला आई म्हणतात. बाहेर काय असतं ते मला माहीत नव्हतं, आणि ते कधीच माहीत होऊ नये असं तुम्ही ठरवलंत. पण मी तीस वर्षं पू पुसते. मेलेल्या माणसांचे डोळे मिटते. मला हे सोसलं नसतं? एक दार तोंडावर बंद झालं असतं तर मी काय मोडून पडले असते?

तुम्ही सगळा अपमान एकट्यानं घेतलात. फार मोठेपणा केलात. आणि माझ्या वाट्याला काय ठेवलंत? त्या तीन घरांतल्या लोकांनी तुम्हाला एकेकदा खाली बघायला लावलं. मी तीन वर्षं रोज लावलं. त्यांना निदान माहीत होतं की आपण काय करतो आहोत. मला तेही माहीत नव्हतं. तुमच्या प्रेमानं मला त्यांच्यापेक्षा वाईट करून ठेवलं, मनोहर. हे तुमच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तुम्ही चालवून घेतलंत?

लिडियाला आणि तिच्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तुमचं गुपित मी ठेवलं नाही. लिडियाचा नवरा मान खाली घालून बसला. लिडिया रडली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "पण ताई, तूच किती बोलायचीस गं त्यांना." खरं बोलली. माझी बहीण आहे, तिला हक्क आहे. पण तिनं ते थोडं थांबून, निदान दुसऱ्या दिवशी बोलायला हवं होतं.

आणखी एक आहे. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

मंगळवारी सेक्रेटरींचा फोन आला. झालेलं जणू झालंच नव्हतं असा आवाज. आई अंथरुणाला खिळली आहे, पाठीला जखमा झाल्यात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, सिस्टर याल का? रूथ म्हणाली, जाऊ नकोस. मी गेले. दया म्हणून गेले असं समजू नका. मी म्हातारीला सांगायला गेले. म्हटलं, तिला तरी कळू दे तिचा मुलगा काय आहे ते. ती मला जीव लावते, तिनं त्याला दोन शब्द सुनवावेत, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकावेत.

आज सकाळी म्हातारीला कुशीवर वळवलं. जखम बरीच खोल होती. मुलगा दारात नाकाला रुमाल लावून उभा होता. मी सलाईननं धुवायला घेतलं. म्हातारी उशीत तोंड घालून म्हणाली, "तुजा हात लई हलका हाय, सिस्टर. हितंच कुटं जवळ का न्हाई ऱ्हात?"

मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, "आजी, तुमच्या ओळीतलं टोकाचं घर विकायला आहे. मला हवं आहे. तुमचा मुलगा नको म्हणतो."

म्हातारीनं उशीतलं तोंड वळवलं नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग ती हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाली, "येत जा की रोज. कोन नगं म्हनतंय? पन ऱ्हायचं म्हनलं की येगळं असतंय, बाई. तुला कळतंय समदं."

दारातल्या माणसानं रुमालाआड सुटकेचा श्वास सोडला. मी तो ऐकला.

आणि मनोहर, माझ्या चिमट्यात कापसाचा बोळा होता. तो मी जोरात फिरवला. फार नाही. पुसायला लागतं त्याहून जरासा जास्त. कुणाच्या लक्षात येऊ नये इतका. म्हातारी कळवळली, "आई गं" म्हणाली. आणि मी, रोज म्हणते त्याच आवाजात, म्हटलं, "झालं हं आजी, झालंच." तीस वर्षांत पहिल्यांदा मी माणसाला दुखवायला हात लावला. ती सुरकुतलेली पाठ माझ्या हाताखाली थरथरली, आणि एक क्षण मला बरं वाटलं.

बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावली. तेव्हा कळलं की तुम्ही हात जोडून त्यांच्याकडे काय मागितलं होतंत. मला वाटत होतं, तुम्ही माझ्या मनाला जपत होतात. तुम्ही माझा हात जपत होतात. मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतात, आणि याचाही मला राग येतो.

घर मी शोधणार आहे. रूथ पुण्याला चल म्हणते, पण मी जाणार नाही. आता कुठंही गेले की दारातच आडनाव सांगणार, चर्च सांगणार, डिसेंबरात बाहेर तारा लागेल हे सांगणार. ते ऐकून कुणी बसा म्हणालं तर पाण्याचं विचारीन. सात ठिकाणी नाही म्हणाले तर आठव्या ठिकाणी जाईन. लपवायचं काही नाही. हे तुमचं ऐकणार नाही.

पण एका गोष्टीचा शब्द देते. उद्या सकाळी दहाला पुन्हा ड्रेसिंग आहे. मी जाणार. जखम भरेपर्यंत रोज जाणार, आणि कापूस लागेल तेवढाच फिरवणार. म्हातारीला कळ आली तर ती जखमेची असेल, माझी नसेल. माफ कुणालाच केलेलं नाही. त्या माणसाला नाही, तिला नाही, तुम्हाला नाही, मला तर नाहीच. माफीचा शब्द देत नाही मी. फक्त हाताचा देते.

तुमची,
मार्था